लेखणीकडून स्वराकडे

छत्रपती संभाजीनगरहून बीडकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर, पैठण तालुक्यात पाचोड हे गाव लागते. तेथे आमचे एक जुने विद्यार्थी राहतात. वय चाळिशीच्या घरात आले आहे. गेली पंधरा वर्षे त्यांनी मासिकांतून कथा लिहिल्या, ग्रंथपरीक्षणे लिहिली, आणि मोजक्या का होईना, पण जाणत्या वाचकांत नाव मिळविले. गेल्या लग्नसराईत आम्ही त्यांच्या घरी गेलो होतो. जेवणे आटोपल्यावर त्यांनी आतल्या खोलीतून एक काळी पेटी आणली आणि उघडून आमच्यापुढे ठेवली. आत पितळी सॅक्सोफोन होता.

"सर, लिहिणे आता पुरे झाले असे वाटते. हे वाद्य शिकावे, जाझ वाजवावे असे फार दिवसांपासून मनात आहे. या वयात हे जमेल का? आणि जमले तरी शोभेल का?"

त्यांच्या मातोश्री दाराशीच बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "लिहितोस ते काय वाईट आहे रे? चार माणसे मान देतात."

आम्ही तत्काळ काही बोललो नाही. बाहेर रस्त्याने वरात चालली होती. अलीकडे खेड्यापाड्यांतही डीजेच्या भिंती उभ्या राहतात. पण त्या दिवशी सुदैवाने जुन्या पद्धतीचा बँड होता. क्लॅरिनेट, ट्रंपेट, मोठा ढोल आणि त्यावर ताशाची कडकड, असा तो थाट होता. पेटीतील वाद्य आणि रस्त्यावरची वाद्ये एकाच कुळातील आहेत, हे ध्यानी येऊन आम्हांस मौज वाटली. लष्करी बँडांतून जी वाद्ये आपल्या वरातींत शिरली, तीच अमेरिकेत जाझच्या वृंदात शिरली. तेव्हा पाचोडास जाझचे नाव काढणे वरवर दिसते तितके विलक्षण नाही. खरा प्रश्न वाद्याचा नव्हता. ज्याने अर्धे आयुष्य कागदावर घालविले, त्याने प्रौढ वयात कागद सोडून स्वराकडे वळावे काय, हा तो प्रश्न होता. त्याचे उत्तर आमच्या अनुभवातून देण्यापेक्षा इतिहासातून शोधावे असे आम्ही ठरविले. त्या शोधात जे हाती लागले ते वाचकांपुढे ठेवीत आहोत.

प्रथम जाझ म्हणजे काय हे थोडक्यात सांगितले पाहिजे. अमेरिकेच्या दक्षिण भागात न्यू ऑर्लिअन्स हे बंदराचे शहर आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी तेथे या संगीताने आकार घेतला. १८६५ साली गुलामगिरी कायद्याने संपली. परंतु मुक्त झालेल्या कृष्णवर्णीय समाजाचे हाल संपले नव्हते. त्यांची श्रमगीते, त्यांच्या प्रार्थनामंदिरांतील गाणी, 'ब्लूज' नावाची करुण पदे, लष्करी बँडची वाद्ये आणि युरोपीय नृत्यांचे ठेके, या सर्वांच्या मिश्रणातून जाझ निर्माण झाले. जाझ या नावाची पहिली ध्वनिमुद्रिका १९१७ साली निघाली. ब्लूजचे नेहमीचे आवर्तन चार-चार मात्रांच्या बारा खंडांचे असते. त्यातील गंधार आणि निषाद पुष्कळदा धड शुद्ध नसतात आणि धड कोमलही नसतात. पियानोच्या पट्ट्यांवर न सापडणारी ही मधली जागा आपल्या गवयांस अपरिचित वाटणार नाही.

परंतु जाझचे खरे मर्म वाजविण्याच्या रीतीत आहे. मूळ चाल सर्वांनी मिळून एकदा मांडावयाची, आणि मग तिच्याच स्वरसंगतीच्या चौकटीवर एकेकाने पुढे येऊन त्या क्षणी सुचेल ते वाजवावयाचे, अशी ही रीत आहे. आपला कीर्तनकार एक अभंग घेतो, त्यावर निरूपणाचा विस्तार करतो, श्रोत्यांचे मन पाहून दृष्टांत बदलतो आणि फिरून मूळ चरणावर येतो. जाझवाला जवळजवळ हेच करतो. फक्त तो शब्दांवाचून करतो. न्यू ऑर्लिअन्समध्ये आरंभी वादकांचे दोन वर्ग होते. एक लिहिलेले संगीत वाचून वाजविणारांचा, आणि दुसरा केवळ कानावर भिस्त ठेवणारांचा. हे दोन वर्ग एकमेकांत मिसळले तेव्हा जाझ बहरास आले. वाचणारास कागद सोडावा लागला आणि ऐकणारास शिस्त शिकावी लागली. आमच्या स्नेह्यांचा प्रश्नही नेमका येथेच येऊन ठेपतो. ते आजवर वाचणारांच्या वर्गात होते.

आता आपल्याकडचा इतिहास पाहू. एक धंदा सोडून संगीताकडे वळलेले सुशिक्षित गृहस्थ म्हटले की पंडित विष्णु नारायण भातखंडे यांचे नाव प्रथम आठवते. त्यांचा जन्म १८६० सालचा. १८८५ मध्ये ते बी. ए. झाले, १८८७ मध्ये एल्एल्. बी. झाले आणि वकिली करू लागले. पत्नी आणि पाठोपाठ कन्या निवर्तल्यावर त्यांनी वकिलीकडे पाठ फिरविली आणि उरलेले आयुष्य संगीताच्या अभ्यासास वाहिले. देशभर हिंडून त्यांनी घराण्यांच्या चिजा मिळविल्या, त्यांस स्वरलिपीत बसविले आणि मराठीत 'हिंदुस्थानी संगीतपद्धति' हा चार भागांचा ग्रंथ लिहिला. १९१६ साली बडोद्यास भरलेली संगीत परिषद आणि १९२६ साली लखनौस निघालेले संगीत महाविद्यालय ही त्यांच्याच खटपटीची फळे होत. तथापि पंडितजी लेखणीकडून स्वराकडे गेले असे म्हणता येत नाही. स्वरांस लेखणीच्या कक्षेत आणणे हे त्यांचे कार्य होते. वकिलाने दस्तऐवज जमवावा तशी त्यांनी चिजांची जमवाजमव केली. त्यांच्या उदाहरणाने आमच्या स्नेह्यांस धीर येईल. वाट मात्र सापडणार नाही.

त्या वाटेचा खरा पांथस्थ आमच्या मते केशवराव भोळे हा होय. केशवरावांचा जन्म १८९६ साली अमरावतीस झाला. वैद्यकीचे शिक्षण घेण्यासाठी ते मुंबईस आले. पण नाटक आणि गाणे यांच्या नादाने ते शिक्षण अपुरे राहिले. मध्यमवर्गीय घरात या गोष्टीस आयुष्य वाया घालविणे असे म्हणतात. तथापि केशवरावांनी ते वाया घालविले नाही. 'वसुंधरा' साप्ताहिकातून 'एकलव्य' या नावाने त्यांनी गायकांवर लेख लिहावयास आरंभ केला. 'शुद्धसारंग' हेही त्यांचेच टोपणनाव. त्यांचे हे लेखन पुढे 'आजचे प्रसिद्ध गायक' या नावाने ग्रंथरूप झाले. तोवर गवयांविषयी मराठीत जे लिहिले जाई ते बहुधा स्तुती, आख्यायिका किंवा वर्तमानपत्री वार्ता या स्वरूपाचे असे. केशवरावांनी आवाजाची जात, स्वर लावण्याची पद्धती, लयीशी असलेले नाते आणि चिजेची मांडणी यांचा विचार करून प्रत्येक गायकाचे गुणदोष निर्भयपणे सांगितले. मराठीत संगीतसमीक्षेस शास्त्र आणि चव ही दोन्ही देणारे जे थोडे लेखक झाले, त्यांत त्यांचे स्थान वरचे आहे.

येथे त्यांच्या टोपणनावाकडे लक्ष द्यावेसे वाटते. एकलव्य हा गुरूने न स्वीकारलेला शिष्य. तो दुरून पाहून विद्या शिकला. समीक्षकाचेही तसेच असते. तो मैफलीच्या मागच्या रांगेत बसतो, ऐकतो, घरी येऊन लिहितो. या पद्धतीत एक मोठी सोय आहे. जो लिहितो त्याचा सूर कोणी तपासीत नाही. गवयाचा षड्ज हलला तर तो हजार माणसांदेखत हलतो. समीक्षकाचे विधान चुकले तर फार तर पुढच्या अंकात कोणी एक पत्र लिहितो. केशवरावांनी ही सोय सोडली. त्यांच्या चरित्रातील ही गोष्ट आम्हांस सर्वांत अधिक महत्त्वाची वाटते.

ती त्यांनी १९३३ साली सोडली. त्या वर्षीच्या १ जुलैस मुंबईत 'नाट्यमन्वंतर' या संस्थेने 'आंधळ्यांची शाळा' हे नाटक रंगभूमीवर आणले. ब्यर्न्सन या नॉर्वेच्या नाटककाराच्या कृतीवरून श्री. वि. वर्तक यांनी ते मराठीत रचले होते, आणि त्याचे संगीत केशवरावांचे होते. तेव्हा त्यांचे वय सदतीस होते. त्या काळी मराठी संगीत नाटक म्हणजे पदांची रेलचेल असे. 'संगीत सौभद्रा'त शंभरावर पदे होती. मुख्य नट एकेक पद घोळून घोळून गाई आणि 'वन्स मोअर'च्या गजरात कथानक तिष्ठत उभे राही. 'आंधळ्यांची शाळा' नाटकात पदे मोजकी ठेवली होती. ती प्रसंगातून उगवत आणि प्रसंग संपताच थांबत. स्त्रीभूमिका स्त्रियांनीच केल्या. त्यांत केशवरावांच्या पत्नी ज्योत्स्नाबाई यांची भूमिका आणि त्यांचे गाणे लोकांच्या स्मरणात राहिले. ज्योत्स्नाबाई मूळच्या गोव्याच्या. विवाहापूर्वीचे त्यांचे नाव दुर्गा केळेकर.

पदे कमी करणे ही वरवर पाहता क्षुल्लक गोष्ट वाटते. पण गवई असलेला संगीतकार ती सहसा करीत नाही, कारण त्यास प्रत्येक जागा गाण्याची जागा वाटते. लेखकास मात्र गाळण्याची सवय असते. चांगला परिच्छेद केवळ प्रस्तुत नाही म्हणून खोडून टाकताना त्यास दुःख होते, पण तो खोडतो. केशवरावांनी लेखणीकडून जी पुंजी संगीतात आणली, तिच्यात ही गाळण्याची शक्ती मुख्य होती असे आमचे मत आहे.

पुढे ते पुण्यास प्रभात फिल्म कंपनीत संगीतदिग्दर्शक झाले. प्रभात १९३३ मध्ये कोल्हापूर सोडून पुण्यास आली होती. १९३४ सालच्या 'अमृतमंथन' बोलपटात केशवरावांनी पियानो, हवाईयन गिटार आणि व्हायोलिन या वाद्यांचा उपयोग केला. त्या वेळच्या रसिकांत यावरून कुरबूर होणे स्वाभाविक होते. ज्याने आदल्या वर्षांपर्यंत शुद्ध गायकीची चिकित्सा केली, तोच आता विलायती वाद्ये वाजवू लागला, असे कोणासही वाटावे. पण केशवरावांपुढचा प्रश्न मैफलीचा नव्हता. पडद्यावर भय, शंका किंवा विरह दोन निमिषांत उभा करावयाचा असेल, तर रागाची बढत करण्यास अवकाश कोठे आहे? तेथे वाद्याच्या नुसत्या नादाच्या जातीकडून काम करून घ्यावे लागते. त्यांनी ते जाणले.

१९३६ साली दामले आणि फत्तेलाल यांचा 'संत तुकाराम' आला आणि पुढच्या वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. येथे केशवरावांनी विलायती वाद्यांचा मोह आवरला. विष्णुपंत पागनीस यांच्या तोंडचे अभंग वारकऱ्यांच्या टाळमृदंगाशी इमान राखून आहेत. त्या बोलपटासाठी शांताराम आठवले यांनी एक नवे पद लिहिले होते. ते शब्द आणि चाल या दोन्हींनी इतके जुळून आले की पुष्कळांनी ते तुकोबांचेच समजून भजनात घेतले. आपले नाव विसरले जावे इतके एखाद्या कवीच्या आणि संगीतकाराच्या कृतीने परंपरेत विरघळावे, याहून मोठी पावती कोणती? लगोलग १९३७ मध्ये शांतारामबापूंचा 'कुंकू' आला. ना. ह. आपटे यांच्या 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीवर तो आधारलेला होता. त्यात पार्श्वसंगीत जवळजवळ वर्ज्य केले होते. घड्याळाची टिकटिक, दाराचा आवाज, रस्त्यावरचा गलबला, अशा साध्या ध्वनींनीच प्रसंग भरले. जेथे बोलू नये तेथे गप्प बसणे हे संगीतकाराचेही कर्तव्य असते, हा धडा ज्याने लेखनात गिरविला त्यास तो येथे जड गेला नसावा.

केशवरावांचे उदाहरण येथवर सांगितल्यावर आमच्या स्नेह्यांचा चेहरा उजळला होता. परंतु त्यातील एक भेद लपवून ठेवणे अप्रामाणिकपणाचे झाले असते. केशवराव बालपणापासून गाण्याच्या वातावरणात होते. ते स्वतः गात असत. समीक्षक म्हणून त्यांनी वर्षानुवर्षे कान तयार केला होता. शिवाय ते वळले ते रचनेकडे आणि दिग्दर्शनाकडे. वाद्य हाती घेऊन रोज रात्री लोकांपुढे उभे राहणे हा त्यांचा धंदा नव्हता. रचनेत बुद्धी आणि कान पुढे चालतात. वादनात हात आणि श्वास पुढे चालतात. सॅक्सोफोनच्या तोंडात बसविलेली वेताची पातळ पट्टी ओठांनी नीट धरणे, श्वास अखंड ठेवणे, दहा बोटांस विचाराच्या आधी धावण्यास शिकविणे, या गोष्टी बुद्धीच्या बळाने लवकर साधत नाहीत. ज्यास उत्तम वाक्य कोणते हे कळते, त्यास आपल्या वाद्यातून निघणारे भिकार वाक्य रोज ऐकावे लागते. प्रौढ शिकाऊस हे दुःख पोरापेक्षा अधिक होते, कारण पोराची चव अजून तयार झालेली नसते.

हे म्हणणे पटण्यासाठी मुंबईच्या जाझचा इतिहास पाहावा. १९३५ साली लिऑन ॲबी या अमेरिकन कृष्णवर्णीय व्हायोलिनवादकाचा वृंद मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात वाजविण्यास आला. पाठोपाठ क्रिकेट स्मिथ आणि टेडी वेदरफोर्ड असे कसलेले वादक आले. त्यांच्या सहवासात जी एतद्देशीय मंडळी तयार झाली, त्यांत गोव्याच्या ख्रिस्ती वादकांची संख्या मोठी होती. याचे कारण गोव्याच्या गावोगावच्या चर्चशाळांत सापडते. पोर्तुगीज अमदानीत तेथे मुलांस धर्मोपदेशाबरोबर पाश्चात्य स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकवीत. त्यामुळे पोट भरण्यास मुंबईस निघालेला गोमंतकीय तरुण रिकाम्या हाताने येत नसे. लिहिलेले संगीत वाचण्याची विद्या त्याच्या जवळ असे. संस्थानिकांचे बँड, पलटणींचे बँड, मूकपटांची चित्रगृहे आणि हॉटेले येथे त्यास काम मिळे. हळदोण्याचा अंतोनियो झेवियर वाझ हा त्यांतलाच. १९१६ साली जन्मलेला हा ट्रंपेटवादक 'चिक् चॉकलेट' या नावाने गाजला. लोक त्यास मुंबईचा लुई आर्मस्ट्राँग म्हणत.

या मंडळींवरही प्रौढपणी मार्ग बदलण्याचा प्रसंग आला. तो मात्र हौसेने आला नाही. १९४९ साली मुंबई दारूबंदी कायदा झाला. हॉटेलांतील नाचाच्या रात्री ओसरू लागल्या, इंग्रज आणि इतर परदेशी गिऱ्हाईक तर निघूनच गेले होते. वाद्यवाल्यांनी मग बोलपटांच्या स्टुडिओंची वाट धरली. तेथे त्यांस चितळकर रामचंद्र, म्हणजे सी. रामचंद्र, यांच्यासारखे संगीतकार भेटले. रामचंद्र १९१८ साली गोदाकाठच्या पुणतांब्यास जन्मले. पाचोडाहून हे गाव फार दूर नाही. तेही आरंभी या क्षेत्रातले नव्हते. १९३५ च्या सुमारास ते बोलपटांत नट म्हणून आले. नट म्हणून यश न आल्यावर मिनर्व्हा मूव्हीटोनमध्ये पेटी वाजवू लागले आणि तेथून संगीतदिग्दर्शक झाले. १९५१ सालच्या 'अलबेला' बोलपटात त्यांनी चिक् चॉकलेट यांचा वृंदच पडद्यावर आणला. मराठी माणसाची चाल आणि गोव्याच्या वादकांचा जाझचा ठेका असा तो संयोग होता, आणि तो देशभर लोकांच्या तोंडी बसला.

येथे एक चमत्कारिक व्यत्यास घडला. केशवराव लेखणी ठेवून स्वराकडे आले. जाझचे हे वादक स्वर वाजविता वाजविता लेखणीकडे गेले. पेटीवर बसविलेली एकसुरी चाल पन्नास वाद्यांत कशी वाटावयाची, व्हायोलिनांनी काय वाजवावे, ट्रंपेटने केव्हा थांबावे, हे कोणी तरी कागदावर मांडल्यावाचून चालत नसे. ते काम गोमंतकीय वादकांनी केले. सेबॅस्टियन डिसोझा यांनी शंकर-जयकिशन यांच्यासाठी, अँथनी गोन्साल्विस यांनी अनेकांसाठी हे लेखन केले. गोन्साल्विस यांचे शिष्य प्यारेलाल हे पुढे लक्ष्मीकांत-प्यारेलाल या जोडीतले प्रख्यात संगीतकार झाले. रात्री कागद सोडून वाजविण्यात ज्यांचा लौकिक, त्यांनी दिवसा कागद लिहून पोट भरले. आणि ध्वनिमुद्रिकांवर नाव बहुधा दुसऱ्याचेच आले. कलावंताच्या वाट बदलण्यामागे नेहमी अंतरीची हाकच असते असे समजणाऱ्या आपल्या वर्गाने हे ध्यानात ठेवावे. वाट बदलण्यास पुष्कळदा घरभाडे कारण असते, आणि म्हणून ती वाट हलकी ठरत नाही.

साऱ्या जगात लेखणीकडून थेट जाझकडे गेलेले कोणी आहेत काय, असे आमच्या स्नेह्यांनी विचारले. अमेरिकेतील डेव्ह फ्रिशबर्ग यांचे उदाहरण आम्हांस आठवले. १९३३ साली जन्मलेल्या या गृहस्थाने मिनेसोटा विद्यापीठात वृत्तपत्रविद्येचा अभ्यास केला. पुढे न्यूयॉर्कला जाऊन ते जाझचे पियानोवादक झाले. पण तेही लहानपणापासून पियानो वाजवीत होते. आणि गंमत अशी की त्यांचे नाव टिकले ते वादनाइतकेच त्यांनी लिहिलेल्या मार्मिक, विनोदी गीतांमुळे. दरवाजातून हाकलून दिलेली लेखणी खिडकीतून परत आली ती अशी.

केशवरावांच्या बाबतीतही ती परत आली. प्रभातमधील कामाचे दिवस सरल्यावर त्यांनी पुनः विपुल लेखन केले. 'संगीताचे मानकरी', 'आवाजाची दुनिया', 'अस्ताई', 'अंतरा' आणि 'माझे संगीत : रचना आणि दिग्दर्शन' ही त्यांची पुस्तके मराठी संगीतवाङ्मयाचे धन आहेत. १९७७ साली ते वारले. त्यांच्या पूर्वीच्या आणि नंतरच्या लेखनात जो फरक आहे तो आमच्या विषयाशी निगडित आहे. पूर्वी ते दुसऱ्याच्या गाण्याचा न्याय करीत; नंतर आपल्या चाली कशा सुचल्या, कोठे फसल्या, कोणते वाद्य का घेतले, हे ते सांगतात. न्यायाधीश एकदा साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभा राहिला की त्याचे पुढचे निकाल अधिक समंजस होतात. मधल्या काळात लेखणी बंद पडली असे दिसले, तरी वस्तुतः ती शिकत होती.

आपल्या समाजात या वाट बदलण्याला आणखी एक अडथळा आहे, आणि तो मातोश्रींच्या वाक्यात होता. लेखकास चार माणसे मान देतात. वाजंत्र्यास देत नाहीत. वाद्य वाजविणे हे ठराविक जातींचे बलुत्याचे काम अशी समजूत आपल्या हाडीमासी इतकी खिळली आहे, की पदवीधर वादक आजही अनेकांस विसंगत वाटतो. वरातीत तासन् तास फुंकणाऱ्या क्लॅरिनेटवाल्यास आपण जेवावयास शेवटच्या पंगतीत बसवितो, आणि त्याच सुरांवर नाचतो. पाचोडच्या तालुक्याचे ठाणे असलेल्या पैठणास नाथांनी या समजुतीस फार पूर्वी धक्का दिला होता. १५७३ साली वाराणसीस एकनाथी भागवत पुरे करणारा हा विद्वान ब्राह्मण जोशी, वासुदेव, गोंधळी, महार यांच्या तोंडची भारुडे रचून बसला. त्याने भागवताची लेखणी सोडली नाही. पण रस्त्यावरच्या ढोलकीच्या जवळ जाण्यास तो लाजलाही नाही. भारुड हे नाचून, गाऊन सांगावयाचे. केवळ वाचून त्याचा निम्माच अर्थ कळतो. विद्वत्तेला रस्त्याचा ताल मानवतो, हे या मातीत सिद्ध होऊन साडेचारशे वर्षे झाली.

हे सारे बोलून झाल्यावर आम्ही आमच्या स्नेह्यांस जे सांगितले ते असे. वय निघून गेले की नाही, हा प्रश्न चुकीचा आहे. कशाकरिता वय उरले आहे, एवढेच विचारावे. लग्नाच्या बँडातील पोरगा ज्या सहजतेने बोटे चालवितो ती सहजता चाळिशीत बहुधा येणार नाही. चिक् चॉकलेट होण्याची आशा धरून नोकरी सोडू नये. ज्यांची त्यावर भाकर होती त्यांनी कोणते दिवस काढले ते इतिहासात आहे. परंतु एखाद्याने पंधरा वर्षे वाक्याची लय ऐकली असेल, काय गाळावे हे तो शिकला असेल, तर ते भांडवल स्वरांच्या बाजारात खोटे ठरत नाही. केशवरावांनी ते वटवून दाखविले. अट एकच आहे. परीक्षकाची खुर्ची सोडून शिकाऊच्या पाटावर बसावे लागेल, आणि बेसूर वाजेल ते घरच्यांनी, शेजाऱ्यांनी, प्रसंगी विद्यार्थ्यांनीही ऐकलेले सोसावे लागेल. लेखणीचे म्हणाल तर तिला निरोप देण्याची घाई करू नये. ती कोठे जात नाही.

त्यांनी काही उत्तर दिले नाही. पेटीतून वाद्य काढून त्यांनी ओठांशी धरले आणि एकच दीर्घ स्वर लावला. तो मध्येच फाटला. त्यांनी तो पुनः लावला. मातोश्री उठून आत गेल्या, त्या आमच्यासाठी चहा घेऊन आल्या, आणि त्यांनी दार लावून घेतले नाही. बाहेर बँड देवळापाशी थांबला होता. क्लॅरिनेटवाला दम घेत पायरीवर टेकला होता, आणि खिडकीतून येणारा तो अनोळखी स्वर ऐकून आमच्या दिशेने पाहत होता.